चुलीमागं एक माणूस

गोजरबाईच्या दारात पोळ्याचा बैल जेवला आणि बोरखडीत एक घर वाढलं. बैल तिच्या भावाचा, सोनाजीचा. पुरणपोळी दोन घासांत संपवून त्यानं तिचा हातही चाटला. सगळ्या गावानं हे भर उन्हात उभं राहून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी किसनराव पाटलांनी चावडीत विचारलं, तेव्हा असं काही झालंच नाही, असं गावानं एकमतानं सांगितलं. बोरखडीत एकमत होणं ही बैल जेवण्यापेक्षा मोठी गोष्ट. त्या एकमताचा मान राखून आपणही झालं नाही असंच धरून चालू.

दुसऱ्या मोठ्या लढाईच्या आधीची वर्षं. हैदराबादेत निजाम, हिंगोलीत तहसीलदार आणि बोरखडीत किसनराव पाटील असे तीन राजे होते. पैकी पहिले दोघे गावात कधी आले नाहीत आणि तिसरा गावाबाहेर कधी गेला नाही, त्यामुळे राज्य सुरळीत चालू होतं.

गोजरबाई लहान असताना तिला देवी आल्या, आणि जाताना डोळे घेऊन गेल्या. लग्न झालं नाही. आता केसांत पांढरं दिसू लागलं होतं, तरी भावाच्या वसरीवर, खांबाला टेकून, तिची जागा ठरलेली. तिथंच ताट यायचं. ताटात भाकर दुधात कुस्करलेली असायची, कारण आंधळ्या माणसाला घास तोडता येत नाही असं कोणीतरी कधीतरी म्हटलं होतं. गोजरबाईचे दात गावात सगळ्यांत शाबूत होते. वापरायलाच मिळाले नव्हते. दळण मात्र तिच्याकडं. जात्याला डोळे लागत नाहीत असं गावाचं मत होतं. चुलीला लागतात, असंही होतं.

आखाडात निंदणीच्या ऐन दिवसांत तिच्या भावजयीला, शालूबाईला, हिवताप आला. तीन गोधड्या अंगावर घेऊन ती थडथड उडत होती. सोनाजी दुपारी डवरा सोडून घरी आला, मातीचे पाय धुतले, पाटावर बसला. पुढं भाकर आली, ठेचा आला. त्यानं अर्धी भाकर खाल्ली आणि म्हणाला, "आज भाकर ब्येस झाली. कोणी केली, नर्मदाकाकूनं?"

"म्या," गोजरबाई म्हणाली.

सोनाजीचा घास तोंडातच राहिला. गिळावा तर बहिणीला चुलीपाशी बसवल्याचं पाप. थुंकावा तर अन्नाचं. तो तसाच गाल फुगवून बसला. मग घास एका बाजूला सारून म्हणाला, "हात दाव."

तिनं दोन्ही हात पुढं केले. बाजारात बैल बघावा तसे त्यानं ते उलटेपालटे करून पाहिले. पीठ होतं, बाकी काही नव्हतं.

"कुटं भाजलं न्हाई?"

"भाकरीलाच भाजलं. दादा, मला येगळी चूल पायजे."

सोनाजीनं घास गिळला. "आमी काय कमी केलं तुला?"

"काईच कमी न्हाई केलं. तीच तर तकलीफ हाय. उठले तर धरता, बसले तर टेकवता. या वयात माझी भाकर कुस्करता. मला माझ्या हातानं जाळ घालून, माझ्या चुलीवरचं खायचंय. कोणी आलं तर त्याला वाढायचंय."

"आन् लोक? भावानं आंधळी बहीण घरातून काढली म्हणतील. थुंकतील माझ्या तोंडावर."

"थुंकू द्या," गोधड्यांच्या आतून शालूबाई म्हणाली. दात वाजत असल्यामुळं हे वाक्य पूर्ण व्हायला वेळ लागला. "पाऊस वढ देऊन राहिला. तेवढाच वलावा."

सोनाजी दोन बायांपुढं हरायचा तेव्हा अट घालून हरायचा. तो म्हणाला, "पोळ्यापत्तूर. पोळ्याला बैल ज्या दारात जेवतो त्ये घर. तुझ्या दारात जेवला तर चूल तुझी, म्या बोलणार न्हाई. पर तवर भाजलीस, पडलीस, उपाशी ऱ्हायलीस, तर गुमान खांबापाशी यायचं."

"आलेच तर खांब उपटून आणीन," गोजरबाई म्हणाली.

गुरांच्या कोठ्याच्या कडेला एक खोली होती. तिथं सरकी आणि मोडकी औतं असत. औतं बाहेर निघाली. शालूबाई उठून बसू लागली तेव्हा तिनं पांढरी माती आणि तूस आणून टाकलं, आणि चूल घालायला पदर खोचला.

"वैनी, तुमी बसा," गोजरबाई म्हणाली. "वाकडं झालं तर सांगा."

तिनं माती तुडवली, गोळे केले, तव्याचा घेर वितीनं मापून चूल लावली. शालूबाई उंबऱ्यावर हात मांडीखाली दाबून बसली होती. वाकडं व्हायच्या आधीच सांगायचा तिला मोह होत होता. मीठ, हळद, तिखट अशा गाडग्यांच्या गळ्यांना गोजरबाईनं सुतळ्या बांधल्या. मिठाला एक गाठ, हळदीला दोन, तिखटाला तीन. मग दारात उभी राहून साऱ्या घराला ऐकू जाईल असं ओरडली, "या खोलीतली काडी कोणी हालवायची न्हाई. हालवली तर बोंबलून सांगायचं!"

त्यानंतर मांजर आत गेलं तरी सोनाजी बोंबलून सांगायचा.

पाण्याची गोष्ट वेगळी. आड गावाच्या मधोमध. त्याचा रहाट असा कुरकुरायचा, की परगावचे पाहुणे विचारत, कोण आजारी आहे? बाया सकाळी आणि तिसऱ्या प्रहरी पाणी शेंदत तेव्हा तो आवाज वेशीपर्यंत जाई. त्या आवाजावर गोजरबाई निघाली. एका हातात काठी, कमरेवर घागर, खांद्यावर दोर.

पहिल्याच दिवशी चावडीपुढच्या चिखलात ती घसरून पडली. "पडली रं पडली!" असा पुकारा झाला. चारी बाजूंनी माणसं धावली. कोणी दंड धरला, कोणी पाय. तिला उचलून, वरातीसारखी मिरवत त्यांनी वसरीवर आणून खांबाला टेकवून ठेवलं. घागर चिखलातच राहिली. तिची कीव करण्यासारखं काही नव्हतं.

गोजरबाईनं लुगड्याचा चिखल पिळला आणि ती पुन्हा निघाली. घागर काठीनं शोधून काढली. आडावर बाया बाजूला सरल्या. तिनं दोर ओवला, घागर सोडली, भरून ओढली. रहाट सगळा वेळ कण्हत होता. परत येताना ती पडली नाही. पाहायला थांबलेल्या लोकांची जरा निराशाच झाली.

मग गावानं दुसरा मार्ग काढला. तिच्या दारात भाकरी येऊ लागल्या. ज्वारीच्या, बाजरीच्या, तेलातल्या, शिळ्या, ताज्या. कोणी न बोलता ठेवून जाई, कोणी उसासा टाकून. एवढ्या भाकरी खाणं एका माणसाला शक्य नव्हतं, म्हणून गावातली कुत्री तिच्या दारात मुक्कामाला आली. ती जाडजूड झाली, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यावर भुंकायचीही त्यांना गरज वाटेना.

सगळ्यांत जास्त भाकरी शेजारच्या नर्मदाबाईच्या. ती म्हणे, "माय, तू कशाला चूल पेटवतीस? म्या हाय ना."

"काकू, तुमी हाव म्हणूनच पेटत न्हाई. उद्या तुमी माझ्याकडं जेवाया या."

नर्मदाबाई आली. नाही म्हणावं तर आंधळीचं मन मोडतं. गोजरबाईनं वरण केलं होतं. त्या दिवशी कोठ्यातल्या उंदरानं एका सुतळीच्या गाठी कुरतडल्या होत्या आणि उंदीर बोंबलून सांगत नाही. नर्मदाबाईनं पहिला भुरका मारला. डोळ्यांतून पाणी आलं. ती कीव होती की तिखट, हे थोडा वेळ कळेना.

मग ती कडाडली, "अगं भवाने! वरण हाय का जाळ? जीभ जाळलीस की माझी! अशा हातानं चूल करती म्हणं येगळी!"

गोजरबाईला आजवर कोणी शिवी दिली नव्हती. ती दिवसभर गालातल्या गालात हसत होती. त्या दिवसापासून नर्मदाबाईनं भाकर आणणं बंद केलं. उलट येता-जाता उंबऱ्यावरून ओरडायची, "आज काय जाळलंस?" हळूहळू बाकीच्यांच्याही भाकरी आटल्या. कुत्री नाराज होऊन पांगली.

सोनाजीचं मात्र वाईट चाललं होतं. पारावर गेलं की कोणीतरी विचारी, "काय सोनाजी, बहीण काढली म्हणं? बैल कधी काढतूस?" तो पारावर जाईना. डवऱ्यामागं दिवसभर बडबडत चाले. एके दिवशी गोजरबाई तांबडं फुटायला उठली तर घागर काठोकाठ भरलेली. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिनं घागर उचलली, दारात आली आणि अंगणात पालथी केली.

"दादा, पाणी तू भरलंस?"

"न्हाई," कोठ्याच्या भिंतीमागून सोनाजी म्हणाला.

"मंग तुझ्या खोकल्यानं भरलं आसल."

सोनाजी पुढं आला. त्याचे हात वजन काढून घेतल्यासारखे लोंबत होते. "अगं, म्या काय करू मंग? तू चिखलातून जाती, म्या बगत बसू? माझे हात शिवशिवतात."

"शिवशिवतात तर आउताला लाव."

हातांना काम हवं होतं. त्यानं ते शोधलं. श्रावणातल्या एका दुपारी आडावर कोणी नसताना तो करडीच्या तेलाचं बुधलं घेऊन गेला. रहाट ओढायला जड जातो, बहिणीचे दंड दुखत असतील, असा त्यानं विचार केला. कणा काढून पुसला, तेल पाजलं, पुन्हा बसवला. बोट लावलं की रहाट लोण्यासारखा फिरायला लागला. आवाज म्हणून नाही. सोनाजी कित्येक दिवसांनी बरं वाटून शेतावर गेला.

त्याच दुपारी तहसिलातले गिरदावर साहेब पिकं बघायला आले. साहेब आले की चुलीमागं एक माणूस, असा रिवाज होता. कोणी लाकडं फोडायची, कोणी घोडीला वैरण घालायची, कोणी दळायचं, कोणी साहेबांचे पाय चेपायचे. या वेठीवर सरकारनं पूर्वीच बंदी घातली होती. कागदावर. म्हणून वेठ घेताना कागद वापरत नसत. किसनराव पाटील माडीवर उभे राहून धूर मोजत. जेवढे धूर तेवढ्या चुली, जेवढ्या चुली तेवढी माणसं. गावही कच्चं नव्हतं. निम्म्या घरांत वेगळे झालेले भाऊ एकाच छपराखाली दोन चुली मांडत आणि धूर एकाच भोकातून काढत.

साहेब चावडीपुढं मच्छरदाणीच्या खांबांच्या पलंगावर पालथे पडले होते. अंगानं भरलेले. दोघं जण त्यांची कंबर रगडत होते. पलंग प्रत्येक दाबाला कण्हत होता: कुईं, कुर्रर्र, कुईं.

तिसऱ्या प्रहरी गोजरबाई पाण्याला निघाली. आडाकडून आवाज येईना. थोडी थांबली. मग डाव्या अंगाला ओळखीची कुरकुर ऐकू आली. आज रहाट जवळ कसा आला असं तिला वाटलं, पण चिखल चुकवत गेलं की वाट वाकडी होते, हे ठाऊक होतं. ती आवाजावर गेली. रगडणारे दोघं तिला बघून थिजले, हात थांबले. तिनं चाचपलं. खांब लागला. रहाटाचाच. तिनं घागरीच्या गळ्यात दोर अडकवला आणि "सरका गं बायांनो" म्हणून घागर खाली सोडली.

घागर साहेबांच्या पाठीवर बसली.

"या अल्ला!" खालून आवाज आला.

 तिनं दोर घट्ट धरला आणि जीव खाऊन ओरडली, "धावा रं! आडात माणूस पडलं! दोर धर, बाबा, सोडू नगंस, ओढते म्या!"

साहेबांनी खरोखर दोर धरला होता. घाबरलेला माणूस काहीही धरतो. तिनं हिसका दिला तसे ते पलंगावरून खाली आले. गाव गोळा झालं. कोणालाच हसता येईना, त्यामुळं काहींना ठसका लागला.

"कौन है ये औरत? किसके घर की?"

"आंधळी हाय, हुजूर," किसनराव पाटील हात जोडून म्हणाले. "सोनाजीच्या घरातली."

"न्हाई," गोजरबाई म्हणाली. आपण कुठं आहोत ते आता तिला कळलं होतं, कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. तरी तिनं मान सरळ ठेवली. "माझी चूल येगळी हाय."

साहेब कंबर धरून उठले. "अलग चूल्हा? तो उस चूल्हे से बेगार में कौन आया?"

पाटलांनी मनातल्या मनात हिशेब केला. चूल आहे म्हणावं तर माणूस का लपवला. आणि आज हिची निघाली तर उद्या साहेब बाकीची छपरंही उचलून बघतील. ते म्हणाले, "हुजूर, ती चूल म्हंजे खेळातली. बाहुलीचं लगीन आसतं तशी. येड्या-आंधळ्याचं मन राखाया."

आता गाव हसलं. पोट धरून, डोळे पुसून हसलं. गोजरबाईनं घागर चाचपून घेतली. रिकामीच कमरेवर ठेवली. तिच्यासाठी वाट मोकळी केली गेली, आणि वाट मोकळी असली की कुठं वळायचं तेच कळत नाही. ती कोणाच्या तरी गोठ्यात गेली, तिथून उकिरड्यावर, तिथून घरी. चूल पेटवली नाही.

संध्याकाळी सोनाजी आला. शालूबाईनं त्याला सगळं सांगितलं. तो आधी साहेबावर चिडला, मग पाटलावर. मग त्यानं तेलाच्या बुधल्याकडं पाहिलं.

"म्या केलं," तो म्हणाला.

गोजरबाई अंधारात बसल्यासारखी बसली होती. तिला उजेडही तसाच. ती म्हणाली, "दादा, पाय घसरला तर म्या उठते. तू वाटच पुसून टाकलीस."

दुसऱ्या दिवशी सकाळी, बाया पाण्यावर असताना, सोनाजी राख, वाळू आणि फडकं घेऊन आडावर गेला. रहाटाचा कणा काढला. तेल पुसलं, राखेनं घासलं, वाळू चोळली. लोक जमले.

"येडा झाला काय रं? चांगला फिरता रहाट नासवून राहिला!"

"व्हय," सोनाजी म्हणाला आणि घासत राहिला.

"काहून पण?"

"आवाज पायजे."

कणा बसवून त्यानं फिरवून पाहिला. पहिल्यापेक्षा भयंकर. दोन म्हशी दावं तोडून गेल्या. सोनाजीनं कान देऊन ऐकलं, मान हलवली, आणखी चिमूटभर वाळू टाकली. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी काठी वाजली. गोजरबाई सरळ आडावर आली, घागर ठेवली आणि म्हणाली, "बराबर."

त्या दिवशी सोनाजी पारावर जाऊन बसला. कोणी काही विचारलं नाही. वाळूचे हात होते त्याचे.

पोळा आला. पुरण गोजरबाईनं पाट्यावर वाटलं. शालूबाई हात मांडीखाली दाबून बसली होती. आता तिला सवय झाली होती. पोळी तव्यावर टाकली की गोजरबाई कान देई, वास घेई आणि उलटवी. एक जळली. ती तिनं नर्मदाबाईसाठी ठेवली, विचारायला काहीतरी पाहिजे म्हणून.

वाजंत्री वाजत बैल निघाले. पुढं पाटलांचा मानाचा बैल, मागं बाकीचे. दाराशी बैल थांबावा, बाईनं खुरावर पाणी घालावं, कुंकू लावावं, पोळी चारावी, की पुढचं दार. सोनाजीचा बैल हौशा कोठ्याच्या खोलीपुढं थांबला. म्हणजे सोनाजीनं थांबवला.

"सोन्या, बैल म्होरं घे," पाटील म्हणाले. "हितं दार न्हाई."

"आमाला दिसून राहिलं, पाटील."

"दिसतं त्ये आसतंच आसं न्हाई."

"मंग पाणी कोणी घातलं खुरावर?" सोनाजी म्हणाला.

गोजरबाईनं पाणी घातलं होतं. ती शिंगं चाचपून वर आली, शिंगांच्या मधोमध कपाळ सापडलं, तिथं कुंकू लावलं. मग पोळी पुढं धरली. वाजंत्री थांबली. हौशानं पोळी हुंगली.   त्यानंतर जे झालं ते झालं नाही, हे वर आलंच आहे.

सोनाजीनं मात्र ते झालं असं मानलं. वसरीवरचं तिचं पोतं त्यानं स्वतः उचलून तिच्या खोलीत नेऊन टाकलं आणि बोंबलून सांगितलं.

भादव्यात साहेबांचा पुन्हा मुक्काम ठरला. कोतवाल दगडोबा वेठीची हाळी देत दारोदार फिरू लागला. नर्मदाबाईच्या दारात दिली, सोनाजीच्या दारात दिली. गोजरबाईच्या दाराशी येऊन तो पाणी मागून प्याला आणि पुढं निघाला.

"दगडोबा, माझ्या दारात हाळी?"

"तुमचं दार न्हाई बाई." त्यानं तांब्या तिच्याच उंबऱ्यावर ठेवला. "पाटलाचा हुकूम."

"मंग आता कुटं उभा हाईस?"

दगडोबानं खाली पाहिलं. "मला इचारू नगा. मला पोरंबाळं हायेत."

शालूबाई म्हणाली, "वन्सं, सुटलात की! लोक वेठ चुकवाया धूर लपवतात, आन् तुमी मागून घेता?"

"वैनी, घर मोजलं म्हंजे सगळंच मोजाया पायजे. बैल माझ्या दारचा आन् ओझं दुसऱ्याच्या, आसं कसं?"

ती काठी घेऊन रामकिशन पटवाऱ्याकडं गेली. त्यानं अर्ज म्हटल्याबरोबर बोरू शाईत बुडवला आणि न विचारता लिहिलं: अर्जदारणीस माफी मिळावी.

"काय लिवलं?"

"माफी. आंधळ्याला बराबर मिळती."

"खोडा त्ये. म्या सांगते तसं लिवा."

रामकिशननं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बाई, असा अर्ज निजामाच्या राज्यात कोणी केला न्हाई. सरकारात वेठच न्हाई. तिच्यात नाव घालणार कोण? आन् म्या मोडीत लिहिणार, तितं वाचणारे उर्दूवाले."

"तुमी लिवा. वाचता येत न्हाई म्हणून कागद खोटा होत न्हाई. मला तरी कुटं येतं?"

त्यानं लिहिलं, तिचा अंगठा शाईत धरू लागला. तिनं हात सोडवून घेतला आणि कागद चाचपून आपला आपण उमटवला. अर्ज असा:

मेहेरबान तहसीलदार साहेब, तालुका हिंगोली, यांचे सेवेशी. अर्जदार गोजरबाई, राहणार मौजे बोरखडी, हिचा विनंती अर्ज ऐसा जे, अर्जदारणीस दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही, परंतु चूल आहे. चुलीमागं एक माणूस या रिवाजाप्रमाणे अर्जदारणीची पाळी आली असून ती तिला देण्यात आलेली नाही. तरी मेहेरबान होऊन अर्जदारणीचे नाव वेठीच्या यादीत दाखल करावे. अशी यादी सरकारात नसल्यास ती नवीन तयार करावी. पाळीच्या दिवशी अर्जदारणीच्या डोक्यावर ओझे देताना कीव करून हलके देण्यात येऊ नये. दिल्यास देणाराची चौकशी व्हावी, आणि कमी दिलेले वजन अर्जदारणीस पुढील पाळीत भरून मिळण्याचा हुकूम व्हावा.